वहिनीची ड्यूटी कधी संपते?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी चांगलंच वाजलं. दादाला फुप्फुसाचा कॅन्सर. टाटामध्ये 'आता किमो नको, घरीच आराम द्या' असं सांगून झालंय. पार्ल्याच्या वन-बीएचकेत वहिनी त्याचं सगळं करते. कूस बदलणं, डायपर, दर चार तासांनी मॉर्फीन. पुतणीने लिहिलं, वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना सांभाळणाऱ्या हॉस्पिसमध्ये, बाबांना आठ दिवस ठेवता येईल का विचारू या, आईची कंबर गेलीय, तिला झोप मिळेल. त्यावर नाशिकच्या अप्पांनी एका ओळीत विषय संपवला: 'घरातली माणसं काय मेली आहेत?' खाली पटापट अंगठे उमटले. शेवटी कुणीतरी हळूच माझ्याकडे बोट दाखवलं. हे खूळ म्हणे अमेरिकेतून आलंय.

तर या खुळाचा अनुभव मी घेतलेला आहे. न्यू जर्सीत आमच्या घरी, ह्यांच्या शेवटच्या आजारपणात.

पहिली गोष्ट म्हणजे, हॉस्पिस म्हटलं की माणसाला उचलून कुठल्या इमारतीत नेतात असं तिकडे अनेकांना वाटतं. बहुतेकदा तसं नसतं. दोन डॉक्टरांनी 'सहा महिने किंवा कमी' असं लिहून दिलं की सेवा घरी सुरू होते. जेवणाचं टेबल हलवून तिथे हॉस्पिटलची कॉट येते. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी औषधांचं सीलबंद खोकं येऊन बसतं. नर्स आठवड्यातून एकदोनदा, आंघोळ घालणारी बाई दोनतीनदा, आणि फोन केव्हाही. बाकीचे सगळे तास घरच्यांचे. अमेरिकेत सरकार म्हाताऱ्यांचं सगळं करतं असं ज्यांना वाटतं त्यांनी रात्री दोनला एकटीने चादर बदलून बघावी, खाली पाच फूट दहा इंचांचा माणूस ठेवून.

पण मेडिकेअरची, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, ही सोय ज्या १९८२ च्या कायद्याने आली, त्यात एक शहाणपण होतं. त्या सेवेचे चार प्रकार आहेत आणि त्यातला एक सांभाळणाऱ्याच्या विश्रांतीसाठी आहे. पेशंटला एका वेळी पाच दिवसांपर्यंत नर्सिंग होममध्ये किंवा हॉस्पिसच्या वॉर्डात ठेवता येतं आणि खर्चाचे पाच टक्के आपण भरायचे. आमच्या सोशल वर्करने पहिल्याच भेटीत ऑक्सिजन, कॉट, कमोड या यादीत हेही वाचून दाखवलं. मी दमले आहे का, हे तिने विचारलंच नाही. दमणार हे गृहीतच होतं. मला वाटतं, अर्धं काम तिथेच झालं. मागायला लागलं असतं तर मी जन्मात मागितलं नसतं.

त्या पाच दिवसांत मी काही थोर केलं नाही. झोपले, रखडलेलं रूट कॅनाल करून घेतलं, बँकेची कामं उरकली. संध्याकाळी ह्यांना भेटायला जाई. पहिल्याच दिवशी मला न्याहाळून म्हणाले, 'आज माणसात आलीस.' तिथलं जेवण मात्र त्यांना अजिबात आवडलं नाही, आणि घरी आले तेव्हा टाचेला लाल चट्टा होता. म्हणजे किंमत मोजावी लागतेच. तरीही नंतर पुन्हा पाच दिवस घेतले, आणि ते ह्यांनीच सुचवलं.

मुंबईत याच्या उलट आहे. अमेरिकेत चोवीस तासांची बाई ठेवायची तर घर विकायची वेळ येते. पार्ल्यात ब्युरोची बाई मध्यमवर्गीयाला निदान काही महिने तरी परवडते. शेजारचे बेल वाजवून विचारतात. पण बाईला काम दाखवायचं वहिनीने, तिचा स्वयंपाक वहिनीने, दर पंधरा दिवसांनी नवी बाई आली की राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, पाणी कसं सोडायचं ते पुन्हा पहिल्यापासून. रात्री वहिनी शेजारच्या खोलीत आडवी होते, पण कान दादाच्या खोकल्याकडे. याला कुणी विश्रांती म्हणणार असेल तर म्हणो. आणि भेटायला येणारे! दादाला बघायला येतात, पाच मिनिटं त्याच्याजवळ, पाऊण तास हॉलमध्ये. वहिनी चहा टाकते. 'तू आहेस म्हणून' असं तिला प्रत्येक जण सांगून जातो. 'तू झोप, मी बसतो दोन तास' असं अजून कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे सन्मानाने मरण्यावर चर्चा खूप झाली. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या दयामरणाच्या प्रकरणाचा २०११ चा निकाल, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) दिलेली मान्यता, २०२३ मध्ये तिची सोपी केलेली पद्धत. परिसंवाद झाले, अग्रलेख झाले, आमच्या ग्रुपवर फॉरवर्डही झाले. पण अरुणा शानबागना केईएमच्या परिचारिकांनी ४० वर्षांहून अधिक काळ सांभाळलं. त्या सेवेचं न्यायालयानेही कौतुक केलं. ते निभलं कशामुळे? माया होतीच, पण पाळ्याही होत्या. ड्यूटी संपली की परिचारिका घरी जात, पुढची येई, एक पिढी निवृत्त झाली तरी दुसरी होती. घरी गेल्या म्हणून त्यांची माया पातळ, असं कुणी म्हटलं नाही. वहिनी पार्ल्यात एकटी तिन्ही पाळ्या करते, आणि आठ दिवसांची रजा मागितली की अप्पांना घराण्याची अब्रू आठवते.

अप्पांच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. अनोळखी जागी दादा बावरेल, त्याला मराठीतून 'दुखतंय का' विचारणारं कुणी हवं. पण त्यावर उपाय आपल्याकडेच आहेत. पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटच्या वेदना कमी करणाऱ्या केंद्रात, १९९७ पासून पेशंटला विनामूल्य ठेवून घेतात आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. म्हणजे माणूस 'टाकला' असं होत नाही आणि रात्री उठायला नर्स असते. केरळात गावोगावचे स्वयंसेवक शिकून घेऊन अशा घरी जातात. टाटाची टीम घरी येऊन दादाची वेदना विचारते, हे फार मोठं काम आहे. तिच्या कागदावर एक रकाना वहिनीच्या झोपेचाही असावा, आणि रिकामा राहिला तर पुढचं पाऊल काय तेही ठरलेलं असावं.

आता आम्हा परदेशातल्यांचं. आम्ही एअर मॅट्रेसचे पैसे पाठवतो, व्हिडिओ कॉलवर 'वहिनी, स्वतःकडे बघ गं' म्हणतो, आणि सगळी रजा 'शेवटासाठी' राखून ठेवतो. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच केलंय. विमान धरायचं ते दहाव्याला. माणूस जिवंत असताना, हाताची गरज असताना, रजा शिल्लक असूनही वापरायची नाही, हा हिशोब मला कधी कळला नाही.

मी आता निवृत्त आहे, माझ्याकडे सबब नाही. डिसेंबरचं तिकीट काढलंय, दादाजवळ मी आणि ब्युरोची बाई. वहिनीने रत्नागिरीला बहिणीकडे जावं असं ठरत होतं. परवा फोनवर तिने विचारलं, 'वन्सं, मी तिकडे असताना ह्यांचं काही झालं तर?' मी म्हटलं, होऊ शकतं. लगेच फोन करीन. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'तर मग धाकटीकडे पुण्यालाच जाते. रत्नागिरी लांब पडेल.'