आई बिग बॉस बघते, आणि बघणार

आज डोकं फिरलंय माझं, सरळ सांगते. त्रिमूर्तीनगरला मुंजीचं जेवण आटोपलं, सगळे पंख्याखाली बसलेले, आईनं सहज विचारलं की नवीन बिग बॉस कधीपासून आहे गं, आणि माझा आत्येभाऊ, शिकलेला, चांगल्या पोस्टवर असलेला माणूस, सगळ्यांसमोर म्हणाला, "मामी, तुमच्यासारखे लोक बघतात म्हणून तर असला डाउनमार्केट कचरा चालतो." चार जण हसले. आई पण हसली आणि सुपारीचा डबा त्याच्या पुढे सरकवला. ते तिचं हसणं मला सहन नाही झालं. मुंजीचं घर होतं म्हणून तिथे चूप बसली, इथे नाही बसणार.

तुम्ही बहुतेक जण आईला ओळखता, तिच्या हातचं खाल्लंय तुम्ही. कोणाचं वाईट चिंतणारी बाई नाही ती. मग रात्री नऊ वाजले की दुसऱ्यांची भांडणं एवढा जीव लावून काहून बघते? कोणी प्रेमानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण विचारायचं कोणालाच नसते, शिक्का मारून मोकळे.

तर ऐका. नागपुरात महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात आई थोरली सून. काकांचं लग्न होतं, नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, आचारी घरीच बसवलेला, बुंदीचे लाडू टोपल्या भरभरून कोठीत ठेवलेले आणि कोठीची किल्ली आईच्या कमरेला. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण झाला, पाहुणे निघाले, त्यांना लाडू बांधून द्यायला गेले तर एक अख्खं टोपलं गायब. त्याच सकाळी माझा मामा अमरावतीच्या एसटीनं परत गेला होता, हातात थैली. आत्या, म्हणजे याच दादाची आई, भरल्या अंगणात म्हणाली, "थैली मोठी जड दिसत होती बाप्पा वहिनीच्या भावाची." झालं, सगळं अंगण हसलं. आईला कोणी एका शब्दानं विचारलं नाही की बाई, नक्की काय झालं, तू सांग. आजोबा झोपाळ्यावर होते, तेही चूप. आणि तो किस्सा मग आमच्या घरात कायमचा झाला, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, कोणी लाडवाचं ताट घेऊन निघालं की कोणीतरी म्हणणारच, "वहिनीपासून लपवा."

त्या थैलीत मामाचे लग्नात घातलेले कपडे होते. त्यानंतर मामा आमच्याकडे आला की हात हलवत यायचा. चार दिवस राहायचं असलं तरी कपड्यांचा एक जोड पेपरात गुंडाळून आणायचा, आणि जाताना आईनं काही बांधून दिलं तर घ्यायचा नाही. मी लहान होती, मला वाटायचं मामाकडे थैलीच नाहीये.

आता बिग बॉसच्या घरात काय होते ते बघा. कोणी कोणाची कॉफी पिली, भांडी कोणाची पाळी होती, पोळ्या मोजून काहून केल्या, पाठीमागे कोण काय बोललं. दादा म्हणतो हे बाहेरचं खूळ आहे. आहेच बाहेरचं, १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये बिग ब्रदर नावानं सुरू झालं, हिंदीत २००६ ला आलं, मराठीत २०१८ ला. पण भांड्यांवरून आणि पोळ्यांवरून होणारी भांडणं काय नेदरलँड्सहून आलीत का? ती आपल्या प्रत्येक घरात होती, फक्त त्याला घरातल्या बायकांची कटकट म्हणून सोडून द्यायचे. आणि इथे त्याच कटकटीसाठी एवढा मोठा सेट उभा राहते, चोवीस तास कॅमेरे चालतात, आणि आठवडाभर एखादी "मी असं बोललीच नाही" म्हणून रडली की शनिवारी कोणीतरी येऊन सगळ्यांना ओळीनं बसवते आणि विचारते, बोल, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस. आधी मांजरेकर यायचे, बिग बॉसची चावडी. २०२४ ला रितेश देशमुख आला, भाऊचा धक्का. वर्षा उसगावकरांशी निक्की तांबोळी जशी बोलली त्याच्यावरून त्यानं तिला सुनावलं तेव्हा आई सोफ्यावर मागे टेकून बसली होती ती पुढे सरकली, आणि मला म्हणाली, "थांब नं, आता बोलून राहिला तो." तिचा चेहरा मी बघितलाय तेव्हाचा. टाइमपास करणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. कोणीतरी सगळ्यांसमोर मोठ्या बाईची बाजू घेऊन राहिलं होतं, आणि ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

आईच्या आयुष्यात असा शनिवार आला नाही. कोठीत कॅमेरा नव्हता.

आणि मला सांगा, हेच दादा आणि याच मंडळींचा जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असली की काय जीव जाते! बॅटला बॉल लागला की नाही लागला यावर थर्ड अंपायर दहा वेळा फिरवून बघते, सगळे श्वास रोखून बसतात, आणि नंतर पानठेल्यावर दोन दोन तास तेच. तो रिप्ले म्हणजे खेळाचा न्याय, आणि आईला कोणाचं बोलणं रिप्ले करून बघायचं असलं की ते डाउनमार्केट. बायकोचं आणि बहिणीचं भांडण झालं तेव्हा कोणाचा आवाज ऐकला होता का तुम्ही? की दोघींनाही चूप बसवून टीव्हीसमोर जाऊन बसले?

हो, माहीत आहे मला, एडिटिंग असते. चोवीस तासांतलं तासभर दाखवतात आणि कोणाला व्हिलन करायचं ते त्यांच्या हातात असते. मान्य. पण आईलाही हे माहीत आहे, तीच म्हणते की यानं मागचं काहीतरी कापलं, त्याच्याशिवाय ती अशी उसळली नसती. तिनं आयुष्यभर अर्धीच गोष्ट सांगितलेली ऐकलीय, तिला कापलेलं कळणार नाही तर कोणाला कळणार.

आणि दुसऱ्याचं भांडण बघण्यात मजा येते हेही खरं आहे, बरं, नाही म्हणत नाही.

पण मला नं नेहमी वाटते की आपल्या बायकांना या शोमधली चमकधमक कधी फारशी नव्हतीच लागत, त्यांना पाहिजे होतं की कोणीतरी विचारावं. होम मिनिस्टर २००४ ला सुरू झालं, आदेश बांदेकर घरात येऊन बसायचे, भावोजी, आणि त्या घरातल्या बाईला विचारायचे की तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठे भेटले, सासूबाई कशा आहेत, तुम्हाला काय आवडते. पैठणी तर एकीलाच मिळायची. पण आमच्या गल्लीतल्या बायका घरचं काम टाकून बघायच्या, कारण ज्या बाईला दारावर आलेला माणूस "साहेब आहेत का" एवढंच विचारते, तिला कोणीतरी टीव्हीवर तिच्याबद्दल विचारून राहिलं होतं. आणि केबीसी? २०१९ ला आपल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे बाई तिथे बसल्या, शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला पंधराशे रुपये, आणि एक कोटी जिंकल्या! आई त्या दिवशी रडली. एक कोटीसाठी नाही रडली. म्हणाली, "बच्चनसाहेबांनी तिला खिचडीबद्दल किती आदरानं विचारलं." आईला ते लक्षात राहिलं. आता याला कचरा म्हणायचं?

कचरा कशाला म्हणायचं ते मी सांगते. छोट्या पोरांचे शो. तिथे माझं आणि आईचं एकमत आहे, आणि तिथे दादा आणि त्याची बायको मात्र काय क्यूट, काय क्यूट करत बसतात! सहा वर्षांच्या पोरीला मोठ्या बाईसारखं नटवायचं, तसल्याच गाण्यावर तसंच नाचवायचं, आणि मग तिला मधोमध उभं करून ढॅण ढॅण म्युझिक वाजवत दोन मिनिटं थांबायचं की ती आत की बाहेर. पोरीचा ओठ थरथरून राहिला आणि कॅमेरा तिच्या तोंडावरून हलत नाही. आईबाप खाली बसून टाळ्या वाजवून राहिले! २०१९ मध्ये सरकारला चॅनलवाल्यांना लेखी सांगावं लागलं की पोरांना असं नाचवू नका. नियम आहेत, लहान कलाकाराला दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावानं फिक्स करायचे, पण त्या दोन मिनिटांच्या ढॅण ढॅणचा नियम कोण करणार? मोठा माणूस करारावर सही करून जाते, पैसे घेते, त्याला उलटून बोलता येते. पोराला काय येते? आई अशा वेळी रिमोट घेऊन चॅनल बदलते आणि काही बोलत नाही. मला तर शिव्या सुचतात.

आणि पोरांचं चांगलंही करता येते हे आपणच बघितलंय. २००८-०९ चं सारेगमप लिटल चॅम्प्स, कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित. आमच्या वाड्यात तेव्हा सगळे एका खोलीत बसायचे, आजोबा सुद्धा. पोरं मनापासून गायची आणि एखादीला वरचा सा मिळाला की आजोबा झोपाळ्यावरून टाळ्या वाजवायचे. कार्तिकी जिंकली तेव्हा घरात भांडण झालं होतं की आर्या पाहिजे होती. ते दिवस आठवले की राग थोडा निवते माझा. आता वाडाही नाही आणि आजोबाही नाहीत.

पण डाउनमार्केट हा शब्द काही जात नाही डोक्यातून. कोण डाउनमार्केट? अमरावतीचा शिव ठाकरे? आईच्या माहेरचं पोट्टं, २०१९ ला मराठी बिग बॉस जिंकलं, नंतर हिंदीतही पार फायनलपर्यंत गेलं, आई अजून त्याला "आमचा शिव" म्हणते जशी काही तिच्याच घरात लहानाचा मोठा झाला. की सूरज चव्हाण? बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा गरीब पोरगा, त्याला धड मांडता येत नव्हतं आपलं म्हणणं, २०२४ ला तो जिंकला आणि इंडियन आयडॉलचा पहिला विजेता अभिजीत सावंत त्याच्या मागे दुसरा आला. लोक म्हणाले सहानुभूतीची मतं आहेत. असतील! ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूनं कोणीतरी बटण दाबलं तर त्यात वाईट काय आहे? आई मला दररोज आठवण करायची, "त्याचं मत टाकलं का गं?" मी ॲपवर टाकून द्यायची तेव्हा झोपायची. तिच्या बाजूनं त्या अंगणात एक मत पडलं असतं नं, एक, तर ती आज वेगळी बाई असती.

आणि आता ती गोष्ट सांगते जी आईनं मला कोणाला सांगू नको म्हटलं होतं. त्याच २०२४ च्या सीझनला एका शनिवारी काकू आमच्याकडे मुक्कामाला होती, त्याच लग्नातली नवरी. आम्ही तिघी बघत होतो. कोणीतरी कोणाची गोष्ट माहीत असून बोललं नव्हतं म्हणून रितेशभाऊ चिडला होता, की तुम्ही समोर होते नं, मग तोंड काहून नाही उघडलं. आणि काकू एकदम म्हणाली, "ताई, ते टोपलं मामंजींनी दिलं होतं." आम्ही दोघी तिच्याकडे बघतच राहिलो. रात्री उशिरा बँडवाली पोरं ओसरीवर उपाशी झोपली होती, आजोबांनी दुसऱ्या किल्लीनं कोठी उघडून अख्खं टोपलं त्यांच्यासमोर ठेवलं, माडीच्या खिडकीतून काकूनं बघितलं होतं. सकाळी आजीच्या धाकानं आजोबा बोलले नाहीत, आणि काकू म्हणाली, "मी आदल्या दिवशीची नवरी ताई, मला कुठे बोलता येत होतं, आणि मग वर्षं गेली तसं आणखीनच नाही बोलता आलं." ती रडली. आईनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि पहिलं काम काय केलं माहीत आहे? अमरावतीला मामाला फोन लावला. "लाडवाचं निघालं बरं," एवढंच म्हणाली.

आजोबांवर मला रागावता येत नाही. उपाशी पोरांना खाऊ घातलं, मोठ्या मनाचा माणूस होता. पण सुनेवर आळ आला तेव्हा झोपाळ्यावर बसून राहिले, हे पण तेवढंच खरं आहे.

आत्याला आईनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. आत्या म्हणाली, जाऊ दे नं वहिनी, किती जुनं. आणि आज त्याच मुंजीत, कचऱ्याचं बोलून झाल्यावर, लाडवाचं ताट आलं तेव्हा दादा पुन्हा तेच म्हणाला, मामीपासून लपवा. म्हणजे घरी कोणी त्याला सांगितलंच नाही, किंवा सांगितलं आणि त्याला किस्सा सोडवत नाही.

तर दोन्हीकडचे सगळे नातेवाईक इथे माझ्या लिस्टमध्ये आहेत म्हणून लिहून ठेवते, फॅमिली ग्रुपवर पण टाकते आहे. काकांच्या लग्नातलं बुंदीच्या लाडवांचं टोपलं आजोबांनी बँडवाल्या पोरांना दिलं होतं. बघणारी माणूस जिवंत आहे, विचारायचं त्यांनी विचारावं. माझ्या मामाच्या थैलीत कपडे होते.