'आपल्याच घरी परतले, मग जुळवून काय घ्यायचं?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाशिकजवळच्या शरणपूरच्या आफ्रिकी मंडळींवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. चांगली झणझणीत आहे. खालीच दोन ओळी खरडून मोकळं व्हावं असा तिचा ऐवज नाही, म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे मूळचे आफ्रिकेतले. लहानपणी गुलाम म्हणून पळवले गेले, इंग्रजी आरमाराने समुद्रात त्यांची सुटका केली, आणि मुंबई-नाशिकच्या मिशनमध्ये ते वाढले. चर्च मिशनरी सोसायटीने १८६४ साली त्यांना आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाईच्या ठाण्यावर धर्मप्रचारक म्हणून पाठवलं. तिथे त्यांनी आणि पुढे त्यांच्या मागोमाग गेलेल्यांनी संसार कसे मांडले, हा लेखाचा विषय होता. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे लोक आफ्रिकेचेच, आफ्रिकेतच परतले, मग 'जुळवून घेतलं' म्हणून गळा कशाला काढायचा? खरं मिशनरी कुटुंब जर्मन क्रॅप्फचं, ते मी चार वाक्यांत गुंडाळलं. मिशन म्हणजे साम्राज्याची पुढची फळी, तिच्यावर मी पांघरूण घातलं. आणि शेवटी, मराठी वाचकाला याचं काय?

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. यातली बरीच मुलं याओ आणि न्यासा सरोवराच्या आसपासच्या लोकांतली होती. तो मुलूख आज मलावी, मोझांबिक आणि दक्षिण टांझानियात येतो. तिथून रबाई हजार किलोमीटरच्या आसपास. भाषा वेगळी, कुळं वेगळी, पिकंपाणी वेगळं. गढवालातून पळवलेलं पोर वीस वर्षांनी कोकणात उतरवायचं आणि म्हणायचं, 'जा बाबा, आलास तुझ्या घरी', तसला हा प्रकार. सोसायटीच्या लंडनमधल्या कमिटीने नकाशावर एकच आफ्रिका पाहिली. तुम्हीही तीच पाहताय, एवढंच मी म्हणेन.

घर म्हणून आठवण्यासारखं त्यांच्याकडे काय होतं? पाच-सात वर्षांचं पोर किनाऱ्यापर्यंत साखळीतून चालत आलेलं, मग धाऊ म्हणजे अरबी शिडाचं गलबत, मग आरमाराचं जहाज, मग मुंबई. विल्यम प्राइस या मिशनऱ्याने १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूरची वसाहत मांडली आणि पुढे तिथे या मुलांसाठी आफ्रिकी आश्रम निघाला. सुतारकी, लोहारकी, लिहिणं-वाचणं तिथे शिकले. आजूबाजूला मराठी ख्रिस्ती कुटुंबं, मराठी उपासना, बाजारात मराठी. वयात आले, लग्नं झाली, तेव्हा त्यांच्या ओळखीचं जग म्हणाल तर गोदावरीच्या काठचं. या जगातून उचलून त्यांना रबाईच्या टेकडीवर नेऊन ठेवलं.

मोंबासाहून नैरोबीच्या रस्त्याने निघालं की माझेरासला उजवीकडे वळायचं, पाचेक किलोमीटरवर रबाई. मी गेलो तेव्हा दमट हवेने शर्ट अंगाला चिकटला होता. नारळाच्या बागा उतारावरून खाली गेलेल्या, मधूनच मक्याचा आणि कसाव्याचा तुकडा. नारळाच्या शेंड्याशी भांडं बांधलेलं दिसतं, ते माडीचं. आपल्या कोकणातल्या माणसाला दोन मिनिटांत ओळख पटेल. नाशिककडच्या बाजरी-गव्हावर वाढलेल्याला पटेलच असं नाही. त्यापलीकडे गर्द झाडीचे डाग दिसतात, ते म्हणजे 'काया', मिजिकेंडा लोकांची जुनी पवित्र वनं. रबाईच्या काया २००८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. तिथल्या जाणत्या म्हाताऱ्यांच्या मर्जीनेच क्रॅप्फ आणि त्याचा जोडीदार मिशनरी रेबमान यांना १८४६ मध्ये या टेकडीवर जागा मिळाली होती.

अशा गावात हे येतात. रंग तोच. अंगात कोट-पाटलोण, नाव विल्यम जोन्स, तोंडात इंग्रजी, आपसांत हिंदुस्थानी किंवा मराठी, आणि स्थानिक भाषेचा गंध नाही. रबाईकर विचारणार काय? तेच, जे आपल्याकडे कुठल्याही गावात विचारतात. कुळ कुठलं? तर कुळ नाही. बाप कोण, मामा कोण, जमीन कुठली, लग्नात मुलीकडच्यांना द्यायची गुरं कोण देणार? ज्या समाजात जमीन, लग्न, भांडणाचा निवाडा सगळं कुळावर चालतं, तिथे बिनकुळाचा माणूस म्हणजे एकेकाळचा गुलाम, हे सांगावं लागत नाही. गोऱ्या पाद्र्याला निदान पाहुणा म्हणून एक जागा होती. यांना तीही नव्हती. म्हणून ही कुटुंबं बराच काळ आपसांतच सोयरिकी करत राहिली.

हवामानाचंही तेच. आफ्रिकी माणसाला आफ्रिकेचा ताप बाधत नाही, असा त्या काळी सोयीस्कर समज होता. गोरे पटापट मरत, म्हणून 'देशी' प्रचारक पाठवायचे. पण मलेरियाविरुद्धची ताकद बरीचशी सततच्या संपर्काने टिकते. लहानपणीच दख्खनच्या पठारावर आलेल्या माणसाची ती ओसरते. त्यात बायका आणि तान्ही मुलं बरोबर. कमिटीच्या हिशेबात हे कुठे बसलं नव्हतं.

आता क्रॅप्फ. त्याच्याबद्दल मला आकस नाही. १८४४ मध्ये तो बायकोला, रोझिनाला, घेऊन मोंबासाला आला. त्याआधी इथिओपियातून त्यांना बाहेर पडावं लागलं होतं, आणि तिथे वाटेतच एक मुलगी जन्मून गेली होती. मोंबासाला आल्यावर काही महिन्यांत, जुलैमध्ये, रोझिना बाळंत झाली, पाठोपाठ तापाने गेली आणि नवजात मुलगीही गेली. क्रॅप्फ स्वतः त्याच घरात तापाने पडलेला. रोझिनाला मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर पुरलं. वाचताना काळजाला घरं पडतात, खरं आहे. पण माझा लेख परक्या देशात संसार रुळण्याबद्दल होता, आणि क्रॅप्फचा संसार रुळायला वेळच मिळाला नाही. त्याच्या जोडीदाराचा, रेबमानचा, संसार थोडा टिकला. बायको एमा १८६६ मध्ये गेल्यावरही तो रबाईतच राहिला आणि १८७५ मध्ये जवळजवळ आंधळा होऊन जर्मनीला परतला. किलिमांजारोचं बर्फ पाहणारा पहिला युरोपियन म्हणून (मे १८४८, लंडनच्या विद्वानांनी घरबसल्या त्याला खोटं पाडलं होतं) त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. क्रॅप्फच्या नावाने रबाईत संग्रहालयच आहे. त्यांच्या वाट्याची चार पानं मी काढून घेतली म्हणून त्यांचं काही बिघडत नाही. रेबमानचं आणि मुंबईहून आलेल्या या मंडळींचं फारसं पटलं नाही, हे मात्र तुम्ही सांगत नाही.

साम्राज्याचा मुद्दा वजनदार आहे. फ्रेअरटाउनचं नावच बघा ना. १८७५ मध्ये मोंबासासमोर सुटलेल्या गुलामांची वसाहत वसवली, तिला नाव दिलं बार्टल फ्रेअरचं, म्हणजे मुंबईच्या माजी गव्हर्नरचं, ज्याच्या नावाचा रस्ता आज मुंबईत पी. डिमेलो रोड झालाय. १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी गुलामबाजार बंद करण्याची बोलणी करायला इंग्रज सरकारने पाठवलं तेही त्यालाच. वसाहत उभी करायला नाशिकहून प्राइस गेला आणि मुंबई-नाशिककडची दीडशेच्या आसपास माणसं तिथे वसली. आरमार धाऊ पकडायचं, माणसं फ्रेअरटाउनला उतरवायचं, आणि पुढचं मिशनने बघायचं. यात साम्राज्य नाही असं कोण म्हणेल? मी तर नाही म्हटलं.

पण तुमच्या चित्रात मिशन एकसंध आहे, आणि इथे माझी वाट वेगळी होते. फ्रेअरटाउनमध्ये सुटका झालेल्यांना छड्या बसल्या, कोंडून ठेवलं गेलं. १८८१ च्या सुमारास त्याचा एवढा बोभाटा झाला की चौकशी लागली आणि प्राइसला पुन्हा यावं लागलं. मुंबईहून आलेल्यांना गोऱ्या कारागिरांपेक्षा पगार कमी, मान त्याहून कमी, आणि त्याबद्दल त्यांनी लंडनला तक्रारी लिहिल्या. गप्प बसणारी माणसं नव्हती ही.

सगळ्यात मोठी गोष्ट रबाईची. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मळेवाल्यांकडून पळालेले गुलाम, 'वातोरो', मिशनच्या आसऱ्याला यायचे. सोसायटीचं धोरण काय, तर त्यांना थारा देऊ नका, मालक बिथरतील, सुलतान बिथरेल. किनारा तेव्हा सुलतानाचाच होता. पूर्व आफ्रिकेतल्या इंग्रज व्यापारी कंपनीला तो १८८७-८८ मध्ये मिळाला, आणि अधिकृत इंग्रजी राज्य आलं १८९५ ला. म्हणजे साम्राज्याच्या पुढच्या फळीचा हुकूम होता की गुलाम मालकांना परत मिळावेत. जोन्सच्या देखरेखीखालच्या रबाईत मात्र पळालेल्यांची वस्ती वाढत गेली. त्यांनी शेतं केली, झोपड्या बांधल्या, मुलं शाळेत घातली. १८८८ मध्ये मालकांनी हल्ल्याच्या धमक्या दिल्या, तेव्हा प्राइस तिसऱ्यांदा मोंबासाला आला आणि मोजदाद झाल्यावर त्याचे डोळे पांढरे झाले. शेवटी कंपनीच्या मॅकेन्झीने मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ ला १४०० हून अधिक लोकांना मुक्तीचे कागद दिले. त्यातला मोठा भाग रबाईकडचा होता.

जोन्सने हे का केलं असेल, याचं उत्तर मला त्याच्या लहानपणात दिसतं. हा माझा अंदाज, कागद नाही.

तुम्ही त्यांना 'मिशनचे हुजरे' म्हणालात. जोन्सला बिशप हॅनिंग्टनने १८८५ मध्ये दीक्षा देऊन डीकन, म्हणजे पाद्र्याच्या खालच्या पायरीचा धर्मगुरू, केलं आणि त्याच जुलैत युगांडाच्या वाटेवर बरोबर नेलं. व्हिक्टोरिया सरोवराच्या अलीकडे बिशप पन्नास माणसं घेऊन पुढे गेला, बाकीचा काफिला जोन्सच्या ताब्यात. २९ ऑक्टोबरला बुगांडाच्या राजाच्या, म्वांगाच्या हुकुमाने बिशप आणि बरोबरचे बहुतेक मारले गेले. मागे राहिलेल्या जोन्सकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक परत पोचले. तो काफिला मसाई मुलखातून रबाईपर्यंत परत आणला जोन्सने, फेब्रुवारी १८८६ मध्ये. हुजऱ्याकडून हे होत नाही. एखाद्या गोऱ्याने केलं असतं तर त्याचा पुतळा उभा राहिला असता, आणि तुम्ही त्या पुतळ्यावरही मला झोडपलं असतंत, हे वेगळं!

'मराठी वाचकाला काय' याचं उत्तर खरं तर वर येऊन गेलंय. आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी लिव्हिंगस्टन, त्याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत शरणपूरची पोरं होती, आणि त्यातला जेकब वेनराइट १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीचा खांदेकरी होता. त्यांच्यातलाच मॅथ्यू वेलिंग्टन तर मोंबासात १९३५ पर्यंत हयात होता. फ्रेअरटाउनची घंटा अजून आहे. त्या चौकाला केंगेलेनी म्हणतात आणि मटाटूचे, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसचे, कंडक्टर दिवसभर तेच नाव ओरडत प्रवासी भरतात. मालिंदीच्या रस्त्याला जाताना गाडी तिथेच अडकते. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मी विचारलं, ही घंटा कुणाची? त्या म्हणाल्या, गुलामांची. नाशिकचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, तसं नाशिकमध्ये शरणपूर रोडवर चहा पिणाऱ्या दहापैकी नऊ जणांना रबाई ठाऊक नाही. तुम्ही त्या दहावे दिसता, म्हणून एक विचारायचं आहे. तुमच्या प्रतिक्रियेत ओझरतं आलंय की तुमचे आजोबा शरणपूरच्या शाळेत शिकवायचे आणि 'हबशी पोरांच्या' गोष्टी सांगायचे. त्या गोष्टी कुणाकडून त्यांच्या कानावर आल्या होत्या आणि घरात काही लिहून ठेवलेलं, वह्या, हजेरीपट, फोटो असं काही आहे का? असेल तर ब्लॉगच्या ईमेलवर कळवा, मी नाशिकला येईन.