नागपंचमी, आठवीचा वर्ग आणि ‘वैज्ञानिक कारण’

श्रावण तोंडावर आला की आम्हा शिराळा तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांची खरी परीक्षा सुरू होते. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. उच्च न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागांच्या पूजेवर बंदी आली, पण विषय घराघरांत अजून दुखरा आहे. वर्गातल्या कित्येक पोरांच्या आज्या-चुलत्यांनी नाग धरलेत. अशा वर्गात ‘या सगळ्या अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं झालं की पोरं माना डोलावतात, पेपरात तसंच लिहितात आणि घरी चकार शब्द काढत नाहीत. मग शिकवलं काय?

शिवाय पोरांना साप पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतात. “सर, धामणीला फडा नसतो, तरी लोक नाग म्हणून मारत्यात,” हे मागच्या बाकावरून येतं. मी तिथूनच धडा सुरू करतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. या चार विषारी सापांच्या दंशावर आपल्याकडे एकच प्रतिविष लस चालते, ती घोड्याच्या रक्तापासून बनते. वर्ग कान टवकारतो.

दुधाचा प्रश्न येतोच. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही. गारुड्यानं तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते पितो. हे मी स्पष्ट सांगतो. “मग आमची आजी खोटं बोलती व्हय?” आजीनं सकाळी वाटी रिकामी बघितली, ते खरंच आहे. वाटी कुणी संपवली, एवढंच शोधायचं. (मांजरावर संशय सगळ्यांचाच.)

मला जास्त राग येतो तो दुसऱ्या टोकाचा. प्रत्येक प्रथेला ‘वैज्ञानिक कारण’ चिकटवणारे व्हॉट्सॲपी गुरुजी. नांगराखाली नागाची पिल्लं मेली, ही कहाणी मी वर्गात सांगतो. नागाची पिल्लं पावसाळ्याच्या सुमारास अंड्यातून बाहेर पडतात, हेही सांगतो. तिथं गोष्ट आणि निरीक्षण जुळतं. पण ‘चिरू नये, तळू नये’ला जंतू नि ऊर्जालहरी कशाला? व्रत आहे, व्रत म्हणून पाळा. त्याला विज्ञानाचा दाखला लागत नाही आणि विज्ञानालाही हे ओझं नको.

एका बाबतीत मात्र मी कुणाच्या भावना बघत नाही. साप चावला की मांत्रिक नाही, देवळात झोपवणं नाही, चिरा नाही, करकचून दोरी नाही. अंग फार न हलवता थेट सरकारी दवाखाना, गाडी नसेल तर 108. हे पालकसभेतही याच भाषेत सांगतो.