बंद होत नाहीये, मारू का?

नाही. डेटाबेस सर्व्हर बंद व्हायला वेळ लावतोय म्हणून त्याला मारायचं नाही. घसा कोरडा पडेस्तोवर सांगून झालंय, तरी दर मेंटेनन्स विंडोला (देखभालीसाठी ठरलेल्या वेळेत) चॅटवर हाच प्रश्न येतो. आणि विचारणारा निदान विचारतो तरी. बाकीचे थेट किल मायनस नाइन, म्हणजे प्रोसेस जागच्या जागी संपवणारी कमांड, टाकून मोकळे होतात, मग मेसेज येतो: "डीबी बंद झाला 👍". तो अंगठा बघितला की डोकं फिरतं.

स्टॉपची कमांड दिली, अर्धा मिनिट झालं, स्क्रीनवर नुसते ठिपके सरकतायत. एवढ्यात बोटं शिवशिवायला लागतात. अरे, तो अडकलेला नाही, काम करतोय! नवी कनेक्शन्स बंद केलीत, चालू ट्रान्झॅक्शन्स मागे घेतलीत, आणि आता मेमरीत बदललेली पण डिस्कवर न गेलेली सगळी पानं (डेटाचे ठोकळे) लिहून काढतोय. दिवसभर अ‍ॅप्लिकेशननं त्याच्यावर राइट्सचा मारा केला, मेमरी भरपूर दिली म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली, ती भरलेली मेमरी रिकामी करायला वेळ लागणार की नाही? वर स्टँडबाय, म्हणजे राखीव सर्व्हर, जोडलेला असेल तर पोस्टग्रेस हा डेटाबेस शेवटचा लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, त्याच्यापर्यंत पोचवून मग डोळे मिटतो. हे ठिपके म्हणजे तुमचाच डेटा जागेवर चाललाय, आणि तुम्ही त्याच्याच मानेवर सुरी धरून उभे.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "पण क्रॅश रिकव्हरी असते ना?"

असते. अचानक बंद पडल्यावर लॉगवरून डेटा सावरायची ही सोय अपघातासाठी असते. पडलं तर टाके घालता येतात म्हणून कोणी रोज गच्चीवरून उडी मारून खाली येत नाही. आणि तुमचा वेळ वाचला कुठे? जे काम बंद होताना व्हायचं होतं, ते आता सुरू होताना होणार. पोस्टग्रेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा, म्हणजे साचलेले बदल डिस्कवर उतरवल्याच्या शेवटच्या टप्प्यापासूनचा, सगळा लॉग पुन्हा चालवत बसणार. चेकपॉइंटमधलं अंतर डीफॉल्टला ५ मिनिटांचं असतं, पण राइट्स जास्त असलेल्या सर्व्हरवर आपणच ते अर्ध्या तासावर नेऊन ठेवलेलं असतं, आणि लॉगची मर्यादा १ जीबीवरून कितीतरी पट वाढवलेली असते. कामगिरी सुधारली म्हणून कौतुकही झालेलं असतं. त्या कौतुकाचं बिल इथे येतं. तेही कधी? विंडो संपत आलेली, सगळे कॉलवर, आणि लॉगमध्ये एकच ओळ: डेटाबेस सिस्टिम सुरू होत आहे.

मग त्याच माणसाचा पुढचा मेसेज. "सुरूच होत नाहीये. परत मारू का?"

मार बाबा. परत मार. म्हणजे रिकव्हरी पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय "रिकव्हरीत काहीच जात नाही" हेही धादांत खोटं. पोस्टग्रेसमध्ये अनलॉग्ड टेबल्स (ज्यांच्या बदलांची लॉगमध्ये नोंद होत नाही ती) असतील तर असं बंद पडल्यावर ती रिकामी होतात. बग नाही, तसं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, फक्त वाचायचे कष्ट कोण घेणार. टेबलांची जमा झालेली आकडेवारी शून्यावर जाते. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे जुन्या ओळी आपोआप साफ करणारी यंत्रणा, याच आकड्यांवरून ठरवतं की कुठे कचरा साचलाय. ते मग आंधळेपणानं परत मोजायला लागतं, आणि काही दिवसांनी "टेबल एवढं कसं फुगलं?" अशी चौकशी आमच्याकडे. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस ५.७ पासून बफर पूलमध्ये, म्हणजे त्याच्या मेमरीत, कोणती पानं होती याची यादी बंद होताना लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा सुरू झाल्यावर ती पानं लवकर मेमरीत येतात. मारलात तर ताजी यादी नाही, कॅश थंड, आणि सकाळी क्वेऱ्या रांगत असल्या की "नेटवर्कला काही झालंय का?" नेटवर्कला काही झालेलं नाही.

आणि एक महाभाग वेगळेच. पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला किल मायनस नाइन मारायचं, तिची पोरं, म्हणजे तिनं सुरू केलेल्या प्रोसेस, मागे जिवंत, शेअर्ड मेमरीला चिकटलेली. सर्व्हर पुन्हा सुरू करायला गेलं की तो नकार देतो, म्हणतो आधीच कोणीतरी चालू आहे. शहाणा आहे तो. मग हे इंटरनेटवरून उपाय शोधून आणतात: पोस्टमास्टर डॉट पीआयडी फाइल उडवा! आधीचा सर्व्हर चालू असल्याची खूण म्हणून ती फाइलच तर राखणीला बसवलेली असते. ती उडवून दुसरा सर्व्हर उभा केलात आणि जुनी पोरं अजून त्याच फाइल्समध्ये लिहीत असतील, तर डेटा बिघडल्यावर कुठलीही रिकव्हरी मदतीला येत नाही. मग बॅकअप. तो रीस्टोअर करून कधी बघितला होता, हा प्रश्न कॉलवर विचारा आणि शांतता ऐका.

बरं, माणसं निदान घाई करतात. यंत्रं, म्हणजे प्रोग्राम चालवणारी-थांबवणारी डॉकर, कुबरनेटीस, सिस्टिमडी ही साधनं, तर ठरवून गळा घोटतात. डॉकर स्टॉप दिलं की सिगटर्म ('थांब' असा सिग्नल) जातो आणि १० सेकंदांनी सिगकिल (तेच किल मायनस नाइन). कुबरनेटीस जरा दयाळू, ३० सेकंद. सिस्टिमडी ९०. वेब सर्व्हरला हे भरपूर आहे. शेकडो जीबी मेमरी घेऊन बसलेल्या डेटाबेसला? आणि त्यात गंमत अशी की पोस्टग्रेससाठी सिगटर्म म्हणजे 'स्मार्ट' शटडाउन: सगळे क्लायंट आपणहून जाईपर्यंत थांबायचं. कनेक्शन पूल, म्हणजे कायम उघडी ठेवलेली कनेक्शन्स, आपणहून कधी जातो का? जातच नाही! म्हणजे तो सभ्यपणे वाट बघत बसणार आणि सेकंद संपले की वरून सिगकिल. त्याला हवा असतो सिगइंट, म्हणजे 'फास्ट': क्लायंटना तोडून, ट्रान्झॅक्शन्स मागे घेऊन नीट बंद व्हायचं. पीजी-सीटीएल या त्याच्या चालू-बंद करायच्या कमांडचा डीफॉल्टसुद्धा ९.५ आवृत्तीत, म्हणजे २०१६ मध्ये, स्मार्टवरून फास्टवर आणला. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधल्या सिस्टिमडीच्या नमुना फाइलमध्ये सिगइंट आहे आणि टाइमआउटच्या जागी चक्क 'इन्फिनिटी' लिहिलंय. इन्फिनिटी! ज्यांनी डेटाबेस लिहिला ते सांगतायत, घाई करू नका. पण आमच्याकडे कुठल्यातरी एपीआय सर्व्हिसची यॅमल (सेटिंगची) फाइल कॉपी होते, नाव बदललं जातं, आणि त्याला स्टेटफुल सेट, म्हणजे डेटा सांभाळणाऱ्यांसाठीची कुबरनेटीसची मांडणी, म्हणतात.

कुणीतरी वर एक शेल स्क्रिप्ट गुंडाळलेली असते ती वेगळीच. ती कंटेनरमधली पहिली प्रोसेस, पीआयडी १, होऊन बसते, सिग्नल गिळते, डेटाबेसपर्यंत काही पोचतच नाही. आणि सगळ्यात संतापजनक ती लाइव्हनेस प्रोब, म्हणजे प्रोग्राम जिवंत आहे का ते तपासणारी कुबरनेटीसची चाचणी. रिकव्हरी चालू आहे, कनेक्शन मिळत नाही, म्हणून प्रोब म्हणते हा मेला, मारा. मारतात. पुन्हा रिकव्हरी, पुन्हा प्रोब. रात्रभर हा खेळ चालतो आणि सकाळच्या रिपोर्टमध्ये कारण काय लिहितात? "डेटाबेस अस्थिर." अस्थिर तो नाही हो!

ओरॅकल या डेटाबेसवरून आलेले एक सिनियर असतात, त्यांची सवय शटडाउन इमिजिएटची. तिकडे ते बरोबरच आहे: ट्रान्झॅक्शन्स मागे घेऊन नीट बंद होतो. पोस्टग्रेसला तोच इमिजिएट दिला की तो आहे तिथे जीव सोडतो, ओरॅकलच्या अबॉर्टसारखा. त्यांना हे सांगायला गेलं की अनुभव ऐकवतात.

बरं, वेळ लागतो ही तक्रार असेल तर त्याला उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. पोस्टग्रेस बंद करायच्या आधी हातानं एक चेकपॉइंट द्या, सर्व्हर चालू असतानाच बरीचशी पानं लिहून होतील, बंद होताना थोडीच उरतील. पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसचा कनेक्शन पूल) असेल तर पॉज द्या, रीस्टार्ट करा, रिझ्यूम द्या. क्लायंटना थोडा उशीर जाणवेल, एररचा पाऊस पडणार नाही. मायएसक्यूएलमध्ये डर्टी पेजेसची (बदललेल्या पण न लिहिलेल्या पानांची) कमाल टक्केवारी आधीच शून्यावर आणा आणि आकडा खाली येताना बघत बसा. आणि प्रोसेसलिस्ट, म्हणजे चालू क्वेऱ्यांची यादी, बघा हो, बंद करायच्या आधी! कोणीतरी दुपारी कोट्यवधी ओळींचा डिलीट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लावून घरी गेलेला असतो. पोस्टग्रेसला तो मागे घेणं क्षणाचं काम, पण मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनला एकेक ओळ उलटी फिरवावी लागते. ते सहन न होऊन मारलात तरी सुटका नाही, सुरू झाल्यावर उरलेलं तेच करत बसणार. हे सगळं विंडोच्या दहा मिनिटं आधी एका माणसानं करायचं काम. रनबुकमध्ये (कामाच्या पायऱ्यांच्या वहीत) मी लिहून ठेवलंय. ते पान कोणी उघडत नाही.

कारण प्लॅनमध्ये ओळ ठरलेली असते: "डीबी रीस्टार्ट, २ मिनिटं." ही दोन मिनिटं कोणी मोजली, कुठल्या सर्व्हरवर मोजली? टेस्टच्या रिकाम्या सर्व्हरवर, जिथे टेबलात चार ओळी आहेत. पुढच्या वेळी ती ओळ दिसली की मी मंजुरी देणार नाही. आणि प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) सुडो, म्हणजे मुख्य अधिकार, कोणाकोणाला आहे ती यादीही मागवलीय.