एक हात गमावलेल्या शिपायाचा मुलगा

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी, प्रदर्शन उघडायला एक रात्र उरलेली असताना, माझ्या एका विद्यार्थिनीचं चित्र भिंतीवरून उतरवायला लावलं. आपल्या बडोद्यातलंच कलादालन. नाव घेत नाही. सध्या कुठेही हेच झालं असतं.

चित्र वहीच्या पानाएवढं, एचिंग: तांब्याच्या पत्र्याला मेण लावायचं, त्यावर सुईने चित्र काढायचं, अॅसिडने रेघा कोरायच्या आणि त्यात शाई भरून कागदावर छाप घ्यायची. एक सेनापती आहे, पदकांनी इतका लगडलेला की त्याची छाती त्याला स्वतःला पेलवत नाही. दोन शिपाई ती खांद्यावर घेऊन चाललेत आणि त्या शिपायांच्या पायांत बूट नाहीत. चेहरा कुणाचा नाही, गणवेश कुठल्या देशाचा नाही. तरी कारण सांगितलं गेलं ते असं: सीमेवर वातावरण तापलंय, सैन्याचा अपमान केला असं कुणी म्हणालं तर? पोरीने वाद घातला नाही. फ्रेम ओढणीत गुंडाळली आणि माझ्याकडे घेऊन आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीस वर्षं मी तांब्याच्या पत्र्यावर काम करते आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

युद्ध चालू असताना सेनापतींची टिंगल करणारी चित्रं हा आमच्या कामातला फार जुना आणि मानाचा भाग आहे. त्यातलं सगळ्यात मोठं नाव लंडनचा जेम्स गिलरे. जन्म 1756. त्याच्याबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते: गिलरेचा बाप साधा शिपाई होता आणि 1745 च्या फॉन्टेनॉयच्या लढाईत त्याचा एक हात गेला होता. ज्या घरात रोज एका हाताने भाकरी मोडणारा बाप समोर बसतो, त्या घरातल्या मुलाला सेनापतीच्या चुकीची किंमत कोण देतं हे शिकवावं लागत नाही.

आता त्याचं एक चित्र बघा, आणि हे आपण मराठी माणसांनी तर बघायलाच हवं. 6 डिसेंबर 1791 ला छापलेलं. विषय टिपू सुलतानाच्या राजधानीहून, श्रीरंगपट्टणहून, झालेली माघार. लॉर्ड कॉर्नवॉलिस, म्हणजे इंग्रजांचा गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती दोन्ही, घाबरून पळतोय. वर तटावर टिपू उभा आहे आणि इंग्रज फौजेवर लघवी करतोय. चित्राच्या नावात ‘मॉन्सून’ आहे, तो पाऊस हा. सभ्य नाही, मान्य. पण मागची हकिगत आठवा. मे 1791 मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दारात पोचला तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती, दाणागोटा संपला होता, बैल पटापट मरत होते. वेढ्यासाठी आणलेल्या मोठ्या तोफा ओढून न्यायला जनावरं नाहीत म्हणून त्याने त्या आपल्याच माणसांकडून फोडून टाकल्या आणि पाठ फिरवली. वाटेत त्या उपाशी फौजेला या युद्धात इंग्रजांच्या बाजूने असलेल्या हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होतं. भाव चढे, पण धान्य होतं. इंग्रज शिपायांच्या पोटात अन्न गेलं ते आपल्या त्या बाजारातून.

चित्र दुकानाच्या काचेत लागलं तेव्हा हे युद्ध संपलेलं नव्हतं. कॉर्नवॉलिस पुन्हा चालून गेला, फेब्रुवारी 1792 मध्ये टिपूला तह मान्य करावा लागला, अर्धा मुलूख आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. म्हणजे स्वतःच्या सरसेनापतीला भर युद्धात असं रंगवूनही इंग्रज हरले नाहीत. ‘मनोधैर्य खचतं’ म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय: कुणाचं? पावसात बैलांच्या जागी स्वतः खांदा लावणाऱ्या शिपायाचं, की मागे तंबूत बसून अहवाल लिहिणाऱ्याचं?

आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात मोठा मामा राहायचा. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, 1971 ला पश्चिम सीमेवर होता. गणपतीत रात्रीची आरती झाली की आम्ही पोरं त्याला ओट्यावर घेरायचो आणि तो एका साहेबाची नक्कल करायचा. हे साहेब गोळीबार थांबल्यावर तिसऱ्या दिवशी जीपमधून आले आणि खंदकात उतरून पहिला प्रश्न विचारला: मगांना चकाकी का नाही? मामा हनुवटी वर करून, हात मागे बांधून असा चालायचा की आजी हसून हसून पदराने डोळे पुसायची. पण जवानांबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर तोच मामा ताटावरून उठून जायचा. साहेबाला हसणं आणि जवानासाठी जेवण सोडणं या दोन गोष्टी त्याच्या लेखी एकच होत्या. आपण त्या कधीपासून वेगळ्या समजायला लागलो?

दुसऱ्या महायुद्धात बिल मॉल्डिन नावाचा अमेरिकन पोरगा सैनिकांच्याच वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचा. इटलीत मॉर्टरच्या माऱ्यात जखमी झालेला. त्याचे दोन शिपाई सदैव दाढी वाढलेले, चिखलात बसलेले, आणि अधिकारी चकाचक. जनरल पॅटन एवढा खवळला की मार्च 1945 मध्ये या तेवीस वर्षांच्या पोराला समोर बोलावून झापलं. चित्रं थांबली नाहीत. पॅटनचाही वरिष्ठ, सरसेनापती आयझेनहॉवर, त्याच्या गोटाने ती चालू राहू दिली. त्याच वर्षी त्याला पुलित्झर हे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक मिळालं.

शत्रूच्या सेनापतीची टिंगल मला तितकी मोठी वाटत नाही. ते काम सरकारं पैसे देऊनही करवून घेतात. फ्रान्समध्ये 1794 ला दाविदसारख्या चित्रकाराकडून इंग्लंडच्या राजाची आणि मडकी म्हणून दाखवलेल्या त्याच्या फौजेची व्यंगचित्रं सरकारनेच काढून घेतली. गिलरेनेही 1797 पासून काही वर्षं सरकारकडून गुपचूप 200 पौंड वर्षाला घेतले, हे लिहिताना मला वाईट वाटतं. त्याचा ‘बुटका’ नेपोलियन आजही लोकांच्या डोक्यातून जात नाही. खरा नेपोलियन साधारण पाच फूट सहा-सात इंच, त्या काळच्या मानाने बरा उंच होता. शत्रूला असं बुटकं करून ठेवलं की तो किती मोठा आहे हे आपणच विसरतो.

आणि आपल्या सेनापतीला हसणंही दरवेळी शुद्ध असतंच असं नाही, हेही लिहायला हवं. 1756 मध्ये इंग्रजांच्या हातून मिनोर्का बेट गेलं. मंत्र्यांनी अपुरी जहाजं पाठवली होती, पण खापर ती घेऊन गेलेल्या अॅडमिरल बिंगवर फोडलं. त्याचा खलिता काटछाट करून छापला. मग त्याच्या भित्रेपणाच्या चित्रांचा पूर आला. कोर्टमार्शलने त्याला भित्रेपणाच्या आरोपातून मोकळं केलं, दयेची शिफारसही केली, तरी 14 मार्च 1757 ला त्याच्याच आरमाराच्या जहाजावर त्याला गोळ्या घातल्या. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, सुई मेणावर टेकवण्याआधी बघा की तुमचा हात कोण धरतोय.

माझ्या विद्यार्थिनीचा हात कुणी धरला नव्हता. मी ती प्लेट होताना पाहिली आहे. एचिंगमध्ये सगळं उलटं काढावं लागतं, म्हणून पदकं तिने उजव्या बाजूला कोरली, कागदावर ती डावीकडे यावीत म्हणून. शिपायांचे तळपाय तिला जमत नव्हते. तीनदा मेण लावून तीनदा अॅसिडमध्ये प्लेट सोडली. शेवटी स्वतः अनवाणी स्टुडिओच्या फरशीवर उभी राहिली, मैत्रिणीकडून फोटो काढून घेतला आणि त्यावरून टाचेच्या भेगा काढल्या. शाई पुसताना जाळीचं कापड बाजूला ठेवून तिने तेवढा भाग तळहाताने पुसला, भेगांतली शाई निघू नये म्हणून.

रविवारी मी ते चित्र मामाकडे घेऊन गेले. आता ऐंशीच्या पुढे आहे, नजर अधू झालीये. त्याने सेनापतीकडे फारसं पाहिलं नाही. भिंग घेऊन बराच वेळ खालीच बघत बसला. मग म्हणाला, “बूट कुणी नेले गं ह्यांचे?”

त्याला एक छाप हवी आहे. ती काढायची म्हणून काल कागद भिजत घातलाय. येत्या रविवारी सकाळी 10 ते 1 माझ्या स्टुडिओचं दार उघडं आहे, चित्र भिंतीवर असेल, ती पोरगीही असेल. ज्यांना ते सैन्याचा अपमान वाटतं त्यांनी आधी यावं. मामा खुर्ची टाकून बसणार आहे, त्याच्याशी बोलावं.