खुलासा: ‘संघ जिंकला की मार्क कोण बघतो?’ हे चुकीचं आहे

अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिपवर जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये ‘तिथे संघ जिंकला की मार्क कोण बघतो?’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०११ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. शैक्षणिक गुणांक घसरल्याने २०१३ च्या त्याच स्पर्धेला मुकला.

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिच्या पहिल्या श्रेणीतल्या (सर्वोच्च स्तरावरच्या) संघांच्या या गुणांकाचा हिशेब जाहीर आहे. दर सत्राला प्रत्येक स्कॉलरशिपधारकाचे दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकून राहिल्याचा. १३ खेळाडूंचे वर्षाला (दोन सत्रांचे) ५२. दोघे अपात्र होऊन सोडून गेले की त्यांचे दोन-दोन गुण जाऊन उरले ४८, म्हणजे हजारात ९२३. चार वर्षांची सरासरी ९३० लागते!

शिवाय दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पूर्ण हवा. मुलं अडकतात ती इथेच, कारण शाखा बदलली की आधीची काही क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) धरली जात नाहीत.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.