ओढ्याच्या भिंतीवर फ्लेमिंगो

सकाळी दूध आणायला गेले आणि डोकंच फिरलं. पुण्यातल्या आंबिल ओढ्याकडची आमची भिंत अख्खी गुलाबी. फ्लेमिंगो! अहो, फ्लेमिंगो बघायला आपण पहाटे उठून भिगवणला जातो, आमच्या ओढ्यात डुकरं लोळतात. शेजारी 'पाणी वाचवा' पण लिहिलंय. पाण्यापासून आम्हाला कोण वाचवणार ते लिहा आधी.

बरं, कोरी भिंत असती तर मी गप्प बसले असते. तिच्यावर आमची रेघ होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढा कुठवर चढला त्याची. पूर ओसरल्यावर एक चित्रकार पोरगी वस्तीत यायला लागली, दोन महिने तिनं ब्रश काढलाच नाही, नुसती ओट्यावर बसून चहा पीत ऐकायची, आम्हाला वाटलं ही काय कामाची. मग एक दिवस गेरूचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, मी नाही, तुम्हीच काढा. प्रत्येकानं आपापल्या घरासमोर रेघ ओढली, खाली आपल्याच अक्षरात लिहिलं. 'सिलिंडर इथं तरंगत होता.' 'दहावीची पुस्तकं.' भाजीवाल्या मावशींना लिहिता येत नाही, त्यांनी रेघेवर पंजा उठवला.

गेरू पावसात धुपतो, म्हणून दर मे महिन्यात आम्ही परत गिरवायचो. नवीन भाडेकरू आला की ती रेघ बघून फ्रिज विटांवर चढवायचा. ओढ्यात राडारोडा टाकायला आलेला टेम्पो पोरांनी ती रेघ दाखवूनच परत पाठवला होता. ह्याला म्हणतात कलेचा उपयोग, आता ह्यावर सेमिनार घ्या पाहिजे तर!!

माझी आजी पानशेत धरण फुटलं तेव्हाचं पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं ते मरेपर्यंत सांगायची. १२ जुलै १९६१, तारखेसकट. वाडा पडला, पायरी गेली, आता मी सांगितलं तरी कोणाला खरं वाटणार?

हो, मान्य, पक्षी दिसतात छान, आणि आज तिथं कोणी थुंकलं नाही. २०१७ ला मुंबईत ससून डॉकला गेले होते, तिथं कोळ्यांचेच मोठाले फोटो डॉकच्या भिंतींवर लावले होते, तेव्हा मीही सेल्फी काढलाय. म्हणजे रंगाला माझा विरोध नाही. पण विचारा ना आधी, पाच मिनिटं विचारा, ही रेघ कसली म्हणून!

तर मी रंगवणाऱ्या पोरावर जाम ओरडले. तो शिडीवरून म्हणाला, "ताई, मला डिझाइन व्हॉट्सअॅपवर आलंय, फुटावर पैसे मिळतात." हात कोपरापर्यंत गुलाबी. विचारलं तर हाही नाल्याकाठचाच, पलीकडच्या वस्तीतला, त्या रात्री त्याची सायकल वाहून गेली होती. मग काय बोलणार, चहा दिला.

तेवढ्यात मावशी आल्या. भिंतीकडे बघितलं, पंजा शोधला, नव्हता. मला वाटलं आता ह्या शिव्या घालणार. त्यांनी पदराला हात पुसला, खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "पक्षी ऱ्हाऊ दे बाबा. पण त्याच्या पायाखालचं पाणी हितवर काढ."

पोरगा म्हणाला पक्षी बुडेल.

"बुडू दे."

निळा रंग संपलाय, उद्या आणतो म्हणालाय.